काजूगराची पारख आणि खाणाराचें वावडें

आपल्या कोंकणी घरांत 'वावडें' हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. कोणास कोळंबीचें वावडें असतें, कोणास अंड्याचें, कोणास शेंगदाण्याचें. पाहुणा जेवावयास बसण्यापूर्वीं घरची यजमानीण त्याविषयीं विचारते व त्याप्रमाणें ताट वाढते. रांधणारी व जेवणारा एकमेकांसमोर असल्यामुळें ही चौकशी तोंडीं होऊन भागते. परंतु आपल्या बागेंतील काजू फोडून, सोलून, डब्यांत बंद होऊन मुंबईस किंवा परदेशीं गेला म्हणजे तो खाणारा कोण व त्यास कशाचें वावडें, हें कळण्याचा मार्ग उरत नाहीं. तेथें डब्यावरील चिठ्ठीच काय ती बोलते. ती चिठ्ठी खरी आहे कीं नाहीं हें पाहण्याचीं शास्त्रीय साधनें गेल्या पन्नास वर्षांत निघालीं आहेत, व त्यांत दिवसेंदिवस सुधारणा होत आहे. काजू, नारळ, कोकम व मासळी यांवर ज्यांचा संसार चालतो, त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागाईतदारांस या साधनांची व त्यांच्या मर्यादांची ओळख असणें अवश्य आहे. कारण पारख करणारें यंत्र दूर देशीं असलें, तरी ज्या चुकीमुळें माल परत येतो ती बहुधा खळ्यांत, पोत्यांत किंवा बोरम्यांत झालेली असते.

वावडें म्हणजे काय

बोलण्यांत आपण पुष्कळ निरनिराळ्या तक्रारींस वावडें म्हणतों. दूध न पचणें, अमुक भाजीनें पित्त होणें, शिळ्या मासळीनें पोट बिघडणें, हे सारे प्रकार त्यांत येतात. शास्त्रज्ञांनीं यांतून एक प्रकार वेगळा काढला आहे. शरीराची जी संरक्षक शक्ति रोगजंतूंशीं लढते, ती कांहीं माणसांत चुकून एखाद्या निरुपद्रवी अन्नासच शत्रु समजते. या विपरीत प्रकारास १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं ॲलर्जी हें नांव दिलें. पुढें १९२१ सालीं प्राउस्निट्झ व क्युस्टनर या दोन डॉक्टरांनीं एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. क्युस्टनर यांस माशाचें वावडें होतें. त्यांच्या रक्तांतील द्रव प्राउस्निट्झ यांनीं आपल्या कातडींत टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचतांच तेथें गांधी उठली. यावरून वावड्याचें कारण रक्तांत असतें हें सिद्ध झालें. तें कारण म्हणजे आयजीई नांवाचें प्रतिपिंड, हें १९६६ सालीं इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दंपतीनें अमेरिकेंत दाखवून दिलें.

हें प्रतिपिंड अन्नांतील प्रथिनास ओळखतें. काजूच्या गरांतील अशीं तीन प्रमुख प्रथिनें ठाऊक असून, काजूच्या शास्त्रीय नांवावरून त्यांस ॲना ओ १, ॲना ओ २ व ॲना ओ ३ अशीं नांवें दिलीं आहेत. बीं रुजल्यावर कोंवळ्या रोपास पोसण्यासाठीं निसर्गानें जी शिदोरी बियांत बांधून ठेविली आहे, तिच्यांतीलच हीं प्रथिनें होत. तीं बळकट असतात, म्हणून काजू भाजला किंवा तळला तरी त्यांचा अपाय नाहींसा होत नाहीं. काजू, पिस्ता व आंबा हीं झाडें एकाच कुळांतील असून, काजूचें वावडें असणाऱ्यास पिस्त्याचेंहि वावडें असण्याचा संभव फार मोठा असतो.

येथें एक खुलासा केला पाहिजे. काजू फोडतांना टरफलांतील तेल लागून हातांची कातडी जळते व फोड येतात, हें आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. तो दोष टरफलांतील तेलाचा आहे, गरांतील प्रथिनाचा नव्हे. तरी तोहि खाणारापर्यंत पोंचूं शकतो. १९८२ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत विकलेल्या काजूतुकड्यांत टरफलाचे अंश राहिल्यामुळें पुष्कळ लोकांच्या अंगावर पुरळ उठलें होतें. हा दोष नीट प्रतवारीनें व निवडीनें टळतो. प्रथिनाचें वावडें मात्र उत्तम, स्वच्छ, पांढऱ्या शुभ्र गरानेंहि होतें, कारण येथें माल वाईट नसून तो भलत्याच्या पोटांत गेलेला असतो.

मालवण किनाऱ्यावरील दुसरें उदाहरण कोळंबीचें. पांढऱ्या कोळंबीच्या जातींतील, उकळूनहि नष्ट न होणारें अपायद्रव्य वेगळें काढण्याचें काम बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंत पी. व्ही. सुब्बाराव यांनीं सहकाऱ्यांसह केलें व १९८९ सालीं तें प्रसिद्ध झालें. तें द्रव्य म्हणजे ट्रोपोमायोसिन नांवाचें स्नायूंतील प्रथिन, हें त्यांनींच अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें १९९३ सालीं दाखविलें. आज जगभर कोळंबीचा अंश शोधण्याच्या ज्या परीक्षा आहेत, त्यांतील पुष्कळ या एका प्रथिनावर आधारलेल्या आहेत. खेकडे व जवळा यांतहि तेंच प्रथिन असतें. म्हणून कोळंबीचें वावडें असणाऱ्यानें सुक्या जवळ्याची चटणीहि टाळावी लागते.

किती अंश पुरतो

'एखादा दाणा मिसळला तर काय बिघडलें ?' असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर आंकड्यांनींच द्यावें हें बरें. जागतिक अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञमंडळानें निरनिराळ्या अन्नांसाठीं प्रमाणमात्रा सुचविल्या आहेत. काजूची मात्रा १ मिलिग्रॅम प्रथिन, शेंगदाण्याची २ मिलिग्रॅम व कोळंबीची २०० मिलिग्रॅम अशी आहे. त्या त्या अन्नाचें वावडें असणाऱ्या शंभर माणसांनीं एवढी मात्रा खाल्ली, तर त्यांपैकीं सुमारें पांच जणांस उघड लक्षणें दिसतील, असा तिचा अर्थ.

आतां आपल्या काजूचा हिशेब करूं. डब्ल्यू-३२० प्रतीचे सुमारें ३२० गर एका पौंडांत बसतात, म्हणजे एका गराचें वजन जवळजवळ १.४ ग्रॅम भरतें. गरांत शेंकडा सुमारें १८ भाग प्रथिन असतें. त्यावरून एका गरांत सुमारें २५० मिलिग्रॅम प्रथिन झालें. आतां असें समजा कीं, शेंगदाण्याची १० किलो चिक्की करतांना आधींच्या घाण्यांतील एकच काजूगर भांड्यांत राहिला व कूट होऊन सर्वत्र सारखा मिसळला. त्या चिक्कीच्या ४० ग्रॅमच्या २५० वड्या होतील, व प्रत्येक वडींत सुमारें १ मिलिग्रॅम काजूप्रथिन येईल. एका विसरलेल्या दाण्यानें अडीचशें वड्या प्रमाणमात्रेस पोंचतात. डोळ्यांस, नाकास व जिभेस यांतलें कांहींहि कळत नाहीं. म्हणूनच यंत्राची व रसायनाची पारख लागते.

पारख कशी करितात

१९७१ सालीं स्टॉकहोम येथें एंगवाल व पर्लमान यांनीं एलायझा नांवाची परीक्षापद्धति शोधून काढली. आजहि अन्नांतील वावड्याच्या द्रव्यांचा शोध मुख्यतः तिनेंच होतो. तिची कल्पना सोपी आहे. सशासारख्या प्राण्यास काजूचें प्रथिन टोंचलें म्हणजे त्याच्या रक्तांत त्याच प्रथिनास धरणारीं प्रतिपिंडें तयार होतात. तीं काढून प्लॅस्टिकच्या तबकांतील लहान लहान खळग्यांच्या तळास चिकटवितात. मग तपासावयाच्या मालाचा अर्क त्या खळग्यांत घालतात. अर्कांत काजूचें प्रथिन असेल तर तें तळाशीं अडकतें, बाकीचें धुऊन जातें. त्यानंतर दुसरें प्रतिपिंड घालतात. त्यास रंग उठविणारें विकर जोडलेलें असतें. जितकें प्रथिन अडकलें असेल तितका रंग गडद होतो, व रंग मोजून प्रथिनाचें प्रमाण काढितात. चांगल्या परीक्षेंत दहा लाख भागांत एक-दोन भाग एवढा अंशहि सांपडतो. वर सांगितलेला एक गर दळून ५० किलोच्या पोत्यांत मिसळला, तर त्याचें प्रमाण दहा लाखांत २८ भाग होतें. अर्थात् तो या परीक्षेस सहज दिसतो.

खास काजूसाठीं अशी सूक्ष्म परीक्षा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांतील श्रीधर साठे, केनेथ रू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केली. काजूचीं वर सांगितलेलीं प्रथिनें ओळखण्याच्या कामांतहि याच मंडळींचा मोठा वांटा आहे.

याच तत्त्वावर कागदी पट्ट्या निघाल्या आहेत. यंत्र धुतल्यावर त्याचा पृष्ठभाग ओल्या बोळ्यानें पुसावा, तो बोळा दिलेल्या द्रवांत बुडवावा व त्यांत पट्टी धरावी. थोड्या मिनिटांत रेघ उमटली तर तेथें अंश उरला आहे असें समजावें. कारखान्यांतील माणसास हें थोड्या शिकवणीनें जमतें.

दुसरी पद्धति पीसीआर होय. तींत प्रथिनाऐवजीं वनस्पतीच्या पेशींतील डीएनए शोधतात, व त्याच्या असंख्य प्रती करून तो ओळखतात. तिसरी पद्धति वस्तुमान-वर्णपटाची. तींत प्रथिनाचे तुकडे करून त्यांचीं वजनें अतिशय बारकाईनें मोजतात, आणि त्या वजनांवरून तें प्रथिन कोणाचें हें ठरवितात. ही पद्धति महाग आहे, पण एकाच वेळीं अनेक अन्नांचे अंश तिनें सांपडतात.

अलीकडे खाणारानें स्वतःच ताटावर पारख करावी असे प्रयत्न चालू आहेत. २०१२ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजल्स शाखेंत मोबाईल फोनच्या कॅमेऱ्यानें परीक्षानळींतील रंग मोजणारें लहान साधन तयार झालें. २०१७ सालीं हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयांतील शास्त्रज्ञांनीं आणखी पुढें पाऊल टाकलें. चुंबकीय कणांनीं अपायद्रव्य पकडून विजेच्या साहाय्यानें तें मोजणारें, हातांत मावणारें, सुमारें ४० डॉलर खर्चाचें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें. दहा मिनिटांच्या आंत त्यानें उत्तर मिळे. पण त्या यंत्रांत गहूं, शेंगदाणा, हेझलनट, दूध व अंडें या पांचांचीच सोय होती, काजूची नव्हती. यावरून हें ध्यानांत यावें कीं, नव्या यंत्राची वार्ता ऐकून कारखान्याची काळजी सैल करणें योग्य होणार नाहीं.

पारखेच्या मर्यादा

परीक्षा कितीहि सूक्ष्म असली, तरी ती नमुन्याची होते, साऱ्या मालाची नव्हे. शंभर पोत्यांतून एकाच पोत्याच्या तोंडावरची मूठ प्रयोगशाळेंत पाठविली, तर अहवाल त्या मुठीपुरताच खरा. अंश सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. तो एका कोपऱ्यांत असेल तर मूठ निर्दोष व पोतें सदोष, असें सहज घडतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, पट्टीवर अंश अल्प असतांना रेघ उमटते, परंतु अपायद्रव्य फारच मोठ्या प्रमाणांत असलें तर प्रतिपिंडें त्यानें व्यापून जातात व रेघ मुळींच उमटत नाहीं. म्हणून संशयित माल पातळ करून पुन्हां तपासावा लागतो.

तिसरी मर्यादा इंग्लंडांतील एका प्रकरणानें जगापुढें आली. २०१५ सालीं जिरेपुडींत बदामाचा अंश सांपडला म्हणून माल बाजारांतून परत घेण्यांत आला. परंतु तेथील सरकारी रसायनतज्ज्ञांनीं डीएनए व वस्तुमान-वर्णपट या दोन्ही पद्धतींनीं तपास केला, तेव्हां तो अंश बदामाचा नसून महालेब नांवाच्या, बदामाच्याच जातकुळींतील एका चेरीच्या बियांचा असल्याचें दिसून आलें. प्रतिपिंडांस या दोहोंतील भेद कळला नव्हता. तेव्हां एका पद्धतीचा निकाल वादग्रस्त झाल्यास दुसऱ्या तत्त्वावरील पद्धतीनें पडताळा मागण्याचा पुरवठादारास आधार आहे. मात्र असा वाद चालविण्यास आपल्यापाशीं मालाची नोंद असावी लागते. हा माल कोणत्या बागेंतला, कोणत्या दिवशीं फोडला, त्याआधीं त्या यंत्रावर काय काढलें होतें, हें लिहिलेलें नसेल तर खरें बोलणाराचीहि बाजू लंगडी पडते.

कायदा व बाजार

अमेरिकेनें २००४ सालीं कायदा करून आठ प्रकारच्या अन्नांचा उल्लेख चिठ्ठीवर सक्तीचा केला. तो १ जानेवारी २००६ पासून अंमलांत आला. तिळाची त्यांत २०२१ च्या कायद्यानें भर पडली. युरोपीय संघाच्या यादींत चौदा प्रकार असून त्यांत काजूचें नांव स्पष्ट घातलेलें आहे. आपल्या देशांत २०२० च्या चिठ्ठीविषयक नियमांनीं ग्लूटेनयुक्त धान्यें, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडीं, मासे, शेंगदाणे, काजू-बदामांसारखे झाडांवरील कवचीचे मेवे व सोयाबीन यांचा उल्लेख आवश्यक केला आहे. दर किलोस १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाईट असल्यास तेंहि लिहावें लागतें. कोकमाच्या व काजूबोंडाच्या सरबतांत टिकाऊपणासाठीं पोटॅशियम मेटाबायसल्फाईट घालणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

नारळाविषयींहि एक गोष्ट आपल्या बागाईतदारांच्या उपयोगाची आहे. अमेरिकेच्या अन्नविभागानें नारळाची गणना पुष्कळ वर्षें काजू-बदामांच्या वर्गांत केली होती. जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनेंत त्यानें नारळ त्या वर्गांतून वगळला व काजू कायम ठेविला. शास्त्रीय पुरावा पुढें आला म्हणजे यादीहि बदलते. म्हणून परदेशीं माल पाठविणारानें दरसाल नियम नव्यानें पाहावे.

खळ्यांत व कारखान्यांत काय करावें

(१) जवळा, सुकट किंवा सोडे ज्या ताडपत्रीवर वा चटईवर वाळविले, तिच्यावर कोकमाचीं सोलें अथवा काजू घालूं नये. प्रत्येकासाठीं वेगळी ताडपत्री ठेवावी व तिला रंगाची खूण करावी.

(२) शेंगदाण्याचीं, गव्हाचीं किंवा तिळाचीं जुनीं पोतीं काजूसाठीं वापरूं नयेत. झाडून काढलेल्या पोत्याच्या विणींतहि कूट राहतें.

(३) एकाच ठिकाणीं अनेक जिन्नस होत असतील तर कामाचा क्रम ठरवावा. साधा काजूगर आधीं काढावा, मसाल्याचा, बेसन लावलेला किंवा शेंगदाण्याबरोबरचा माल शेवटीं घ्यावा. ज्या तेलांत शेंगदाणे तळले त्या तेलांत काजू तळूं नये.

(४) बोरम्यांतील तबकें, चाळण्या व सुऱ्या यांची सफाई करतांना वाऱ्याच्या झोतानें धूळ उडवूं नये. ती उडून दुसऱ्या मालावर बसते. ब्रशानें गोळा करावी, ओल्या फडक्यानें पुसावी, जेथें चालेल तेथें साबणाच्या पाण्यानें धुवावें व कोरडें करावें.

(५) प्रत्येक घाण्यास क्रमांक द्यावा. तारीख, बाग, यंत्र व त्यावर आधीं काढलेला जिन्नस एवढ्या चार गोष्टी वहींत लिहाव्या. सोसायटीनें अनेक सभासदांचा माल एकत्र करण्यापूर्वीं ही वही पाहावी.

(६) माल बदलतांना सफाईनंतर पट्टीनें पृष्ठभाग तपासावा. मोठी रवानगी असेल तर निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळांतून नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवावा. अहवालांत पद्धति कोणती व तिला किमान किती अंश दिसतो, हें लिहून मागावें.

(७) फोडणाऱ्या व सोलणाऱ्या बायकांस या सर्व काळजीचें कारण समजावून सांगावें. कारण कळलेली माणसें नियम मोडीत नाहींत. त्यांच्यापैकीं किंवा गिऱ्हाइकांपैकीं कोणास खाल्ल्याबरोबर ओठ सुजणें, अंगावर गांधी उठणें, श्वास कोंडणें असें झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां तांतडीनें दवाखान्यांत न्यावें. अशा प्रसंगीं ॲड्रिनॅलिनची सुई हा पहिला उपाय होय, व तेथें मिनिटांस किंमत असते.

दोन आक्षेप

कांहीं व्यापारी म्हणतात कीं, सर्व डब्यांवर 'यांत अमुक असूं शकेल' असें सरसकट छापलें म्हणजे झालें. पूर्ण काळजी घेऊनहि अंश राहण्याचा खरा संभव असेल, तेथें तसें लिहिणें योग्य आहे. पण काळजी न घेतां केवळ अंग काढून घेण्यासाठीं तसें छापल्यास वावडें असलेल्या मुलाच्या आईनें विकत घ्यावें तरी काय ? सर्वच डब्यांवर एकच वाक्य दिसूं लागलें कीं ती तें वाचणें सोडून देते, आणि ज्या डब्यांत खरोखर धोका आहे तोहि घरांत येतो.

दुसरा आक्षेप असा कीं, 'आमच्या गांवांत काजूनें कोणी आजारी पडल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं.' असें असूं शकेल. परंतु आपला माल आपल्या गांवांत खपत नाहीं. 'वेंगुर्ला काजू' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि त्या नांवानें माल घेणारा मनुष्य त्या नांवावरच विश्वास ठेवितो. तें नांव सर्व बागाईतदारांचें सामाईक आहे. एका सभासदाच्या निष्काळजी पोत्यामुळें साऱ्या सोसायटीची रवानगी परत येते, आणि ज्यानें आपल्या खळ्यांत दक्षता घेतली त्याचाहि दर पडतो. वेंगुर्लें येथील फळसंशोधन केंद्रानें काढलेल्या सुधारलेल्या जातींची लागवड करून आपण दाणा मोठा केला व उत्पन्न वाढविलें. आतां त्याच मालाची वेगळी सांठवण, स्वच्छ हाताळणी व खरी नोंद यांकडे तितकेंच लक्ष दिलें पाहिजे.

या सर्वांत मोठें भांडवल लागत नाहीं. दोन वेगळ्या ताडपत्र्या, नवीं पोतीं, एक वही, थोड्या पट्ट्या व वर्षांतून कांहीं वेळां प्रयोगशाळेचा खर्च, एवढ्यावर भागतें. येत्या काजूच्या हंगामापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें आपल्या सभासदांची बैठक बोलावून वरील सात गोष्टींपैकीं कोणत्या आजपासून करतां येतील व कोणत्यांस सामाईक खर्च लागेल, हें ठरवावें आणि ठरावाच्या वहींत नोंदवून ठेवावें.